डोळे मिटले होते म्हणे

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि पक्का खोटारडा आहे. जुना आहे हे तुम्हाला दिसतेच आहे. अंगावरचे काळे आवरण कोपऱ्यातून सुटले आहे, कडांचा रंग जाऊन आतले पितळ उघडे पडले आहे. खोटारडेपणा मात्र असा वरून दिसत नाही. तो ज्याचा त्याने सांगावा लागतो, म्हणून आज सांगायला बसलो आहे.

तुम्ही शाळेत आमच्यासारख्यांची आत्मवृत्ते लिहिता. त्यात फाटके पुस्तक बोलते, मोडकी छत्री रडते आणि शेवटच्या ओळीत सगळे जण हात जोडून म्हणतात, 'आम्हाला जपा.' माझे तसे काही मागणे नाही. माझे मागणे वेगळे आहे आणि ते शेवटी येईल. तोवर माझी हकिगत ऐका.

माझा जन्म एका लांबलचक, स्वच्छ कारखान्यात झाला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या बायका चिमट्याने एकेक बारीक स्क्रू बसवत. माझे भिंग जिने बसवले, ती ते बसवताना श्वास रोखून धरत असे, कारण काचेवर वाफ धरली तर काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. शेवटच्या टेबलावर एक म्हातारा तपासनीस बसायचा. त्याने मला कानाशी धरून माझा खटका ओढला आणि बटण दाबले. टक्. पुन्हा ओढला, पुन्हा दाबले. असे पन्नास वेळा केल्यावर तो शेजारणीला म्हणाला, "ह्याचा आवाज खरा आहे." मग त्याने एका चिठ्ठीवर सही करून ती माझ्या डब्यात टाकली. खरेपणाचे एवढे एकच प्रमाणपत्र मला आयुष्यात मिळाले आणि ती चिठ्ठी पहिल्याच वर्षी झुरळांनी खाल्ली.

डब्यातून बाहेर पडलो तो माझ्या मालकाच्या हातात. त्याचा एका अरुंद रस्त्यावर फोटो स्टुडिओ होता. बाहेर काचेच्या कपाटात हसऱ्या बाळांचे फोटो, आत एक गोल स्टूल आणि भिंतीवर रंगवलेला जिना. तो जिना कुठेच जात नव्हता, तरी लोक त्याच्यासमोर मोठ्या रुबाबात उभे राहायचे. आरशाला सुतळीने बांधलेला एक कंगवा होता. बांधला नसता तर गिऱ्हाइकाबरोबर तोही घरी गेला असता.

माझा मालक कोणाचाही फोटो काढताना एकच वाक्य बोलायचा, "हलू नका." बाळाला म्हणायचा, म्हाताऱ्याला म्हणायचा. एकदा एका सद्गृहस्थाचा शेवटचा फोटो काढायला त्याला घरी बोलावले होते, तिथेही सवयीने म्हणून गेला. त्यामुळे रस्त्यावरच्या पोरांनी त्याचे नावच 'हलूनका' पाडले. पुढे मोठी माणसेही 'हलूनकांकडे जाऊन या' असे सरळ सांगू लागली. त्याला राग यायचा नाही. कामात तो चोख होता. निगेटिव्हच्या पट्ट्या पाकिटात घालून, वर तारीख टाकून, खोक्यात ओळीने लावून ठेवायचा. तो मला रोज मऊ फडक्याने पुसायचा, पावसात सदऱ्याच्या आत धरायचा. मला उन्हात ठेवले म्हणून एकदा त्याने बायकोशी दोन दिवस अबोला धरला होता. माझे दिवस मजेत चालले होते, हे मी नाकारत नाही.

आता फुसक्याची गोष्ट सांगतो.

माझ्या पोटात छत्तीस फोटोंचा रोल बसे. छत्तीस म्हणजे छत्तीस. तुमच्या फोनसारखे काढ आणि पूस, असे आमच्या वेळी नव्हते. एक बटण दाबले की एक फोटो संपला. लग्नाकार्यात मात्र 'आमचा एक काढा' म्हणणाऱ्यांना तोटा नसे. कोणाचा तरी चुलतभाऊ दहाव्यांदा मधे घुसे, शेजारची पोरे रांग लावत. अशांना नाही म्हटले तर रुसवे-फुगवे. मग आमच्या धंद्यातल्या लोकांनी एक युक्ती काढली होती. माझ्या डोक्यावर बसणाऱ्या फ्लॅशच्या पाठीवर एक लहानसे लाल बटण असते. ते तपासणीसाठी असते. ते दाबले की फ्लॅश लख्खकन् पडतो, पण माझा पडदा उघडत नाही आणि आत फिल्मवर काहीच उमटत नाही. समोरचा खूश, रोल शाबूत. ह्याला आमच्यात 'फुसका मारणे' म्हणत.

एक अडचण होती. फ्लॅश पडला तरी माझा 'टक्' आवाज यायचा नाही आणि शहाण्या गिऱ्हाइकाला संशय यायचा. हलूनकाने त्यावरही तोड काढली. लाल बटण दाबताना तो जीभ टाळूला लावून सोडायचा, टक्! हुबेहूब माझाच आवाज. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी स्वतःच फसलो होतो.

खरे सांगतो मित्रांनो, मला त्याची गंमत वाटायची. घामाघूम झालेला कोणी मामा पोट आत घेऊन उभा राहायचा, फुसका खाऊन समाधानाने जायचा आणि मी मालकाच्या हातात मनातल्या मनात हसायचो. त्या मामांना फोटोची आठवणही राहत नसे. कोणाचे काही बिघडत नाही, असे मी धरून चाललो होतो. लबाडी अंगवळणी पडली की ती लबाडी वाटेनाशी होते.

एके दिवशी एका घरगुती लग्नाचे काम आले. घर दोन खोल्यांचे, सायकलदुरुस्तीच्या दुकानावरचे. लाकडी जिना चढताना खालून रबर चिकटवण्याच्या सोल्युशनचा वास वरपर्यंत सोबत यायचा. घरात दोघी बहिणी राहायच्या. आई धाकटीच्या चौथ्या वर्षी गेली होती, वडील त्याच्याही आधी. ताई तेव्हा सोळा वर्षांची होती. तिने शाळा सोडली, शिलाई मशीन घेतले आणि शाळेचे गणवेश शिवून धाकटीला वाढवले, शिकवले. आता त्या धाकटीचे लग्न होते. माणसे वीस-एक, खुर्च्या शेजाऱ्यांच्या, फुले एका बादलीत. फोटोसाठी एकच रोल ठरला होता.

बाहेरच्या खोलीत सह्या करायला टेबल नव्हते. ताईने मशीनचे डोके आत दुमडले, वर पांढरा पडदा घातला आणि तेच टेबल झाले. नोंदणी कचेरीतले कारकून वही घेऊन त्यामागे बसले. नवरामुलगा सहीला वाकला आणि गडबडीत त्याचा पाय खालच्या पायडलवर पडला. पडद्याखाली मशीन खडखड करून चालू झाले. कारकुनांच्या हातातले पेन उडाले आणि आतून ताई ओरडली, "पाय काढा! पट्टा निघेल त्याचा!" सगळे घर हसले. सासूबाई मांडीवर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या, त्यादेखील हसल्या. तो फोटो मी काढला आहे, आणि खरा काढला आहे. माझ्या चांगल्या फोटोंत तो मोडतो.

ताई मात्र त्या फोटोत नाही. ती आत कप विसळत होती.

सकाळभर हे असेच चालले. ती ट्रे घेऊन आली की हलूनका म्हणायचा, "ताई, जरा बाजूला, चौकटीत हात येतोय." ती लगेच मागे व्हायची, वर "हो हो, चुकलंच माझं" म्हणायची. एकदा धाकटीच्या कपड्याची खालची शिवण उसवली. ताई सुई घेऊन तिच्या पायाशी बसली आणि टाके घालू लागली. धाकटी वर बघून हसत होती, हलूनकाला तिचा चेहरा आवडला आणि त्याने फोटो घेतला. त्यात खालच्या कडेला ताईचे दोन हात आले, एक सुई आली आणि बोटातले अंगुस्तान आले. बाकीची ताई चौकटीबाहेर राहिली.

जेवणे उरकली तेव्हा माझ्या डोक्यावरच्या आकड्यात चौतीस दिसत होते. दोनच उरले होते आणि ते दोन कोणाचे, हे सासूबाईंनी सकाळीच बजावले होते. "आमच्या मुलाचे साहेब दुपारी येणारेत. मोठा माणूस आहे. त्यांच्यासाठी दोन राखून ठेवा हं, नाहीतर ऐन वेळी हात वर कराल."

नेमकी तेव्हाच धाकटी आत गेली आणि ताईला हाताला धरून ओढत बाहेर घेऊन आली.

"काका, ताईचा आणि माझा एक. सकाळपासून एकही नाही झाला."

"अगं, माझा अवतार बघ!" ताई म्हणाली. "तुझे सगळे झाले ना, मग बास."

"अवतार असू दे. तू ये म्हणजे ये."

ताईने हात पदराला पुसले, मग आत जाऊन तोंड धुऊन आली. केस चापून चोपून बसवले. शिवताना टोचून ठेवलेल्या टाचण्या खांद्यावर तशाच होत्या. त्या एकेक काढून तिने मशीनवरच्या पडद्याला टोचल्या. मापाची टेप गळ्यात होती ती मात्र विसरली. धाकटीला ती दिसली, पण ती काढायच्या ऐवजी तिने नीट सरळ केली आणि म्हणाली, "राहू दे. हिच्याशिवाय तू ताई वाटणारच नाहीस."

त्या दोघी खिडकीशी उभ्या राहिल्या. मी भिंगातून ताईकडे पाहिले. चेहरा दमलेला होता, पण त्यावर एवढा आनंद होता की तो कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हते. मोठी झाल्यापासून ती फोटोला कधी उभीच राहिली नव्हती. हातांचे काय करायचे ते न कळून तिने दोन्ही हातांनी धाकटीचा एक हात धरला.

"दादा, बघायचं कुठे?" तिने विचारले.

"इथे, काचेत. हलू नका."

"आणि पापणी लवली तर?"

"मी तीन म्हटल्यावर लवू द्या. तोवर नाही."

ताईने डोळे उघडे ठेवले. जणू पापणी पडली तर लग्न मोडेल, असे उघडे ठेवले. डोळ्यांत पाणी जमू लागले तरी मिटले नाहीत. मी वाट पाहत होतो. मला त्या दोघी हव्या होत्या मित्रांनो. सकाळपासून जे काही काढले होते, त्यात हा फोटो मला सगळ्यात जास्त हवा होता.

एक, दोन, तीन. लख्ख उजेड पडला. आणि वरून जिभेचा आवाज आला, टक्.

माझा पडदा उघडला नव्हता. मला बघायला फिल्म लागत नाही, पण जपून ठेवायला लागते. ताई होती तशी समोर होती आणि मी तिला आत घेऊ शकलो नाही.

"आला का? उघडे होते ना डोळे माझे?" ताईने विचारले.

"एकदम झकास," हलूनका म्हणाला.

साहेब चारच्या सुमारास आले. खुर्ची पुढे केली तर बसले नाहीत, कप दिला तर नुसता हातात धरला. नवरानवरीच्या मधोमध उभे राहिले आणि दोन फोटो झाले. पहिल्यात त्यांचे डोळे मिटलेले आहेत. दुसऱ्यात ते घड्याळात बघत आहेत. दहा मिनिटांत गाडी निघूनही गेली. पुढे अल्बममध्ये ते दोन्ही फोटो पहिल्याच पानावर लागले. मिटलेल्या डोळ्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

इथवरचे मी एक वेळ मालकाला माफ केले असते. सासूबाईंचा धाक होता, मोठ्या माणसाचा मान होता, त्याचेही हात दगडाखाली होते. पण पुढचे ऐका. छत्तिसावा फोटो झाल्यावर त्याने सवयीने माझा खटका ओढला, आणि तो अडला नाही. पुढे सरकला. रोल भरताना हात सफाईचा असला की कधी कधी एका फोटोची जागा जास्तीची निघते. ती निघाली होती. माझ्या पोटात सदतिसावा फोटो होता.

हलूनकाला ते कळले. तो स्वतःशीच म्हणाला, "अरे, एक उरला वाटतं." ताई दहा पावलांवर मोरीत कप धूत होती. टेप अजून गळ्यात होती. धाकटी खिडकीशीच उभी होती. एक हाक मारायचा अवकाश होता.

त्याने मान वर करून आत पाहिले. मग पाय दुखतात तसा चेहरा केला. "जाऊ दे," म्हणाला, "आता कोण पुन्हा उभं करत बसतंय." आणि त्याने रोल उलटा गुंडाळायला घेतला. ती करकर मला अजून ऐकू येते.

धाकटी दुसऱ्याच दिवशी नवऱ्याबरोबर लांबच्या गावी गेली. आठवड्याने अल्बम न्यायला ताई स्टुडिओत आली. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फ्रेम होती, काच पुसून आणलेली. तिने अल्बमची पाने सावकाश उलटली. एकदा शेवटपर्यंत गेली, मग पुन्हा पहिल्यापासून आली.

"दादा, आमचा दोघींचा कुठे आहे?"

मी त्याच्यासमोर टेबलावर होतो. त्याची बोटे माझ्या पट्ट्याशी चाळा करत होती. काढलाच नाही, असे म्हणायला तोंड हवे. रोल खराब झाला म्हणावे तर बाकीचे छत्तीस लख्ख आलेले. मग त्याला साहेबांचा फोटो आठवला असावा.

"तो होय... त्यात तुमचे डोळे मिटले होते, ताई. बरं दिसेना. म्हणून नाही छापला."

ताईने अल्बम मिटला. मग हसली, आणि ते हसू मला बघवेना. "बघा! एवढं सांगितलं होतं तुम्ही, तरी मिटलेच." फ्रेम काखेत नीट धरत ती पुढे म्हणाली, "तुमचा एक फोटो फुकट घालवला मी. रागावू नका हं."

ती त्याचीच माफी मागून गेली. हलूनकाने तिला दारापर्यंत सोडले. "पुढच्या वेळी बघू," असे काहीबाही तो म्हणाला. पण पुढची वेळ कधी आली नाही.

स्टुडिओवरून ताई येता-जाता दिसायची, खांद्यावर गणवेशांचे गाठोडे. एकदा गणवेशाच्या दुकानदाराने आपल्या सगळ्या शिवणाऱ्या बायकांचा फोटो काढायला आम्हाला बोलावले. बाकीच्या ओळीने उभ्या राहिल्या आणि ताई बाजूला जाऊन काजे करत बसली. कोणी हाक मारली तर म्हणाली, "मला नका घेऊ गं. माझे डोळे मिटतात. तुमचा पण खराब होईल." हलूनका माझ्यामागे उभा होता. त्याने ऐकले, मीही ऐकले. तो फक्त म्हणाला, "हलू नका."

पुढे काळ बदलला. नव्या जातीचे कॅमेरे आले, मग फोनच आले. कानामागून आले आणि तिखट झाले. माझी गरज संपली. हलूनकाने मला काचेच्या कपाटात, हसऱ्या बाळांच्या मधे ठेवून दिले. ती बाळे आता बाप झाली असतील. पूर्वी रोज फिरणारे मऊ फडके महिन्याने फिरू लागले, मग वर्षाने. माझ्या भिंगाच्या आत बुरशीची जाळी धरली. स्टुडिओत आता ओळखपत्रांचे फोटो आणि झेरॉक्स चालते. ह्या उपेक्षेबद्दल मी रडगाणे गाणार नाही. ती मला शोभते.

आणि गेल्या वर्षी, भर दुपारी, एक बाई दुकानात आली. कानाशी केस पिकले होते. हलूनकाही आता म्हातारा झाला आहे, गुडघ्यावर हात ठेवून उठतो.

"काका, ओळखलंत? सायकलच्या दुकानावरचं घर. मशीनवर सह्या झाल्या होत्या बघा."

"अरे हो! खडखड!" हलूनका हसला. "आणि ताई कशी आहे?"

"ताई गेली. महिना झाला."

त्याचे हसू तसेच चेहऱ्यावर राहिले. काढून कुठे ठेवायचे ते त्याला कळेना.

"घरात लावायला तिचा फोटोच नाही," धाकटी म्हणाली. "कार्डावर आहे एक, पण त्यात पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. आणि कधी काढूच द्यायची नाही हो. मुलांनी फोन समोर धरला की तोंडावर हात. शेवटी दवाखान्यात मी म्हटलं, एक काढू दे ना ताई. तर म्हणाली, नको गं, माझे डोळे मिटतात."

हलूनका गुडघ्यावर हात ठेवून उठला. त्याने खोके काढले. पाकीट सापडायला दोन मिनिटेही लागली नाहीत, असा तो व्यवस्थित माणूस. सहा पट्ट्या निघाल्या. धाकटीने त्या एकेक करून दारातल्या उजेडात धरल्या. कुठे दाराआड कोपर होते, कुठे ट्रे धरलेली बोटे. टाके घालणाऱ्या हातांपाशी ती थांबली.

"हे तिचे हात."

"तो मोठा करून देतो," हलूनका घाईघाईने म्हणाला. "हात छान आलेत."

"नको. त्यात ती खालीच बसलेली आहे." तिने पट्टी खाली ठेवली. "आमचा दोघींचा होता ना, तोच द्या. डोळे मिटलेला. मला मिटलेले चालतील, काका."

ती शेवटची पट्टी बघू लागली. साहेब, पुन्हा साहेब, आणि त्यापुढे एक चौकट, काचेसारखी आरपार.

"हा कुठला? ह्यात काहीच नाही."

"तो कोरा राहिला."

"म्हणजे एक उरला होता?"

बाहेर रस्त्यावरून कोणीतरी हातगाडी ढकलत गेले. हलूनका स्टुलावर बसला. मग बोलला. सगळे बोलला. लाल बटण, जीभ, साहेब, अल्बम. धाकटीने मधे एकदाच विचारले.

"पण मग तिचे डोळे?"

"उघडे होते," तो म्हणाला. "टक्क उघडे होते. मी ह्यातूनच बघत होतो ना."

खरे बोलल्यावर त्याच्या खांद्यांवरचा भार उतरलेला मला दिसला. आणि त्याचाच मला संताप आला. हे वरातीमागून घोडे कोणाच्या कामाचे? इतकी वर्षे ज्या बाईने स्वतःच्या पापण्यांना दोष दिला, ती आता ऐकायला नव्हती. जी समोर होती, तिच्या पदरात ह्याने आपले ओझे टाकले आणि स्वतः मोकळा झाला.

धाकटी रडली नाही, ओरडली नाही. तिने पट्ट्या पाकिटात घातल्या, पाकीट त्याच्यापुढे सरकवले आणि विचारले, "मग हे आता तिला कोण सांगणार?"

टोमणा म्हणून नाही विचारले. उत्तर असेल, अशा आशेने ती खरोखर थोडा वेळ थांबली. मग पायरी उतरून गेली.

त्यानंतर हलूनकाने मला कपाटातून काढून फडताळात आतल्या बाजूला ठेवले. समोरासमोर बघणे त्यालाही जड जात असावे. हल्ली तो कधी कधी बोटे मोजत बसतो. किती फुसके मारले, कोणाकोणाला मारले, ते आठवत असेल. त्याला ते कधी कळणार नाही. खऱ्या फोटोची निगेटिव्ह असते, तारीख घातलेले पाकीट असते. फुसका मागे काहीच ठेवत नाही.

आता माझे मागणे. मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, मला संग्रहालयात ठेवू नका. तुमच्या घरातल्या पुढच्या कार्याला आधी आत जा आणि कप विसळत असेल तिला बाहेर बोलवा. पहिला फोटो तिचा काढा. शेवटी उरला तर काढू, म्हणू नका. आणि कोणी विश्वासाने तुमच्यासमोर उभे राहिले, तर बटण खरे दाबा. दाबले नसेल तर त्याच दिवशी सांगा, शिव्या खा, पण सांगा.

मी खोटारडा आहे हे पहिल्याच ओळीत कबूल केले आहे, तेव्हा माझ्या शब्दाला किंमत किती ते मी जाणतो. पुरावा म्हणून दाखवायला माझ्याजवळ फोटोही नाही. तरी एवढे एक माझे खरे धरा आणि जमेल तितक्यांना सांगा. खिडकीशी उभ्या राहिलेल्या त्या ताईचे डोळे उघडे होते.